आणि त्यांची पत्नी, १९२३–१९

१७ ऑक्टोबर १९९९, रविवार

ही वही गेलेर्टची. रेल्वेची, जाड पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर तीन रकाने : गाडी, वेळ, शेरा. माझा नवरा चाळीस वर्षं गावाबाहेरचं रेल्वे फाटक उघडत आणि बंद करत होता. शेऱ्याच्या रकान्यात त्यानं आयुष्यभर दोनच गोष्टी लिहिल्या, 'आली' किंवा 'आली नाही'. घरातही साधारण तेवढंच बोलायचा. त्याची एक वही कोरी राहिली होती, ती आज कपाटातून काढली. कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि घरात बोद्री कुत्र्याखेरीज कुणी नाही.

सकाळी पावाच्या रांगेत उभी होते. मागून कुणीतरी म्हणालं, "गोंबोशबाईंना पुढे जाऊ द्या, त्यांच्याकडे वेळ कमी आहे." रांग हसली. मीही हसले, नाहीतर म्हातारीला राग आला म्हणून आणखी हसले असते.

लोक कशाला हसले तेही लिहून ठेवते. गेलेर्ट एक्याऐंशी साली गेला. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची, रडून रडून डोळे सुजलेले. थडग्यावरच्या शिळेचं सगळं एतेल्का वन्संनी पाहिलं. वन्सं म्हणजे गेलेर्टची थोरली बहीण. आमच्याकडे नवऱ्याच्या शिळेवर बायकोचं नावही तेव्हाच कोरून ठेवतात, म्हणजे पुढे फक्त साल घालायचं राहतं. वन्संनी कोरून घेतलं : 'गोंबोश गेलेर्ट, १९१७–१९८१', आणि त्याखाली 'आणि त्यांची पत्नी, १९२३–१९'. पुढे दोन आकड्यांची जागा कोरी. माझं नाव घातलंच नाही. पाथरवटानं विचारलं होतं म्हणे, एकोणीस आताच कोरू का? वन्सं म्हणाल्या, "कोरा, कोरा. दोन हजार साल कोण बघतंय?"

आता दोन हजार साल अडीच महिन्यांवर आलंय आणि मी ठणठणीत आहे. टीव्हीवर रोज सांगतात की जगभरच्या यंत्रांमध्ये सालाचे दोनच आकडे भरलेत, त्यामुळे एक जानेवारीला सगळं बंद पडणार. माझ्या शिळेला तोच रोग झालाय. यंत्रांसाठी मोठमोठी माणसं कामाला लागलीत. माझ्यासाठी पावाची रांग हसते.

१८ ऑक्टोबर, सोमवार

१२.१०. हायनाल्का. आली.

हा शेरा मी गेलेर्टसारखा लिहून पाहिला. हायनाल्का शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तिथून सुटली की, आणि सुट्टीच्या दिवशी घरून, तीन मजली डब्यात माझं जेवण घेऊन येते. दोन वर्षांपूर्वी वकीलबाईंसमोर करार झाला आमचा. मला मूल नाही. तिनं मला मरेपर्यंत सांभाळायचं, रोज गरम जेवण, सरपण, धुणं, डॉक्टर, आणि शेवटी रीतसर पुरायचं, शिळेवर साल घालायचं. मी गेले की घर तिचं. गावात निम्म्या म्हाताऱ्यांनी असे करार केलेत. तिचा नवरा झोल्ट कारखान्यात दगड-लोखंड घासायच्या मशीनवर होता. कारखाना बंद पडला. तो, ती आणि त्यांची मुलगी सासूच्या घरी एका खोलीत राहतात.

बाई वाईट नाही. बोलते फार. बूट आपटत येते, ते अंगणाच्या फाटकापासूनच ऐकू येतात. डबा मी तसाच खरकटा परत देते. धुणंही करारात आहे.

२४ ऑक्टोबर, रविवार

वन्सं आल्या. पंच्याऐंशीच्या आहेत, पण चाल अजून पोस्टमनची. बसल्या बसल्या म्हणाल्या, "बारीक झालीस गं."

मी म्हटलं, "वयच आहे."

"वय मलाही आहे. काय देते ती तुला खायला?"

"परवा खसखशीच्या शेवया होत्या. चांगल्या होत्या. जेवून दोन तास झोपले."

वन्संनी चमचा बशीत ठेवला. "दोन तास?"

"का हो?"

"काही नाही. आमची आई खसखशीचं पाणी तान्ह्या पोरांना पाजायची, गप्प झोपावीत म्हणून. तुला आठवत असेलच." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दोन वर्षं झाली नाही का कराराला? तिला वाटलं असेल, म्हातारी सहा महिन्यांची पाहुणी. आणि एकतीस डिसेंबरच्या आत तू आटोपलीस तर शिळेचाही खर्च नाही. दोन आकडे मारले की झालं. मी आपलं सहज म्हणते."

जाताना म्हणाल्या की त्यांचा नातू कोर्नेल माझी फार आठवण काढतो. मला तो शेवटचा भेटला तेव्हा त्यानं माझ्या दारावर चिखलाचा बूट पुसला होता. पण मुलं मोठी होतात.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

ठरवलंय. डब्यातलं आधी बोद्रीला द्यायचं, अर्धं. तासभर वाट बघायची. तो शेपूट हलवत राहिला की उरलेलं मी खायचं. जेवण गार होतं, पण जीव राहतो.

१ नोव्हेंबर, सोमवार, सर्व संतांचा दिवस

सगळं गाव दफनभूमीत. शेवंतीच्या कुंड्या, मेणबत्त्या, नवे कोट. हायनाल्का माझ्याबरोबर आली. पांढरी शेवंती तिनं आणली होती. येणारा प्रत्येक जण गेलेर्टच्या शिळेपाशी चाल मंद करायचा, वाचायचा, माझ्याकडे बघायचा आणि मान खाली घालून पुढे जायचा. मागं वळून कोपरानं एकमेकांना ढोसायचे ते मला दिसत होतं. मला फार लाज वाटली. मरायला उशीर झाला याची लाज वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

हायनाल्का वाकली आणि त्या एकोणीसवरून बोट फिरवलं तिनं. खाच किती खोल आहे ते बघावं तसं.

"मावशी, लग्नाआधी तुम्ही कोण होतात?"

"करारात लिहिलंय की."

"ते ठाऊक आहे. तुम्हाला स्वतःला कुठलं नाव आवडतं ते विचारते."

पन्नास वर्षांत कुणी मला हे विचारलं नव्हतं. मग म्हटलं, "सेकेरेश. सेकेरेश गेनोवेवा."

तिनं ते दोनदा पुटपुटलं. घरी आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मृत्यूच्या दाखल्यावर माहेरचं नाव लागतं. बाई आत्तापासून कागद भरतेय.

१४ नोव्हेंबर, रविवार

कोट ढगळ झालाय. मागच्या आठवड्यात हायनाल्कानं माझं मनगट धरून पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही जेवत नाही का नीट? डबा तर रिकामा येतो."

"जेवते."

"मग जातं कुठे?"

बोद्री चुलीजवळ आडवा पडला होता. पंधरा दिवसांत त्याला इतकी चरबी चढलीय की उठताना कण्हतो. तिनं त्याच्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून डबा दीडपट भरून येऊ लागला. वर सायीचं दही. वन्संना सांगितलं तर त्यांनी भुवया उंचावल्या. "घाई झालेली दिसते." मलाही तसंच वाटलं. इतकं कुणाला कोण उगीच वाढतं?

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

वन्सं धापा टाकत आल्या. हायनाल्का वारसेगी पाथरवटाबरोबर दफनभूमीत होती म्हणे. तो शिळेला पट्टी लावून मोजत होता आणि ती टोक धरून उभी होती.

"जिवंत माणसाचं माप घेतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं," वन्सं म्हणाल्या.

चहा केला, दोघींचाही तसाच राहिला. मग त्या हळूच म्हणाल्या, "कोर्नेल इंजिनियर होणार, पण पोराला डोकं टेकायला जागा नाही. तुझ्यासारख्या काकूला तो तळहातावर ठेवेल. रक्ताचं ते रक्ताचं. मी आपलं सहज म्हणते."

वन्सं सगळं सहजच म्हणतात. पण माझी काळजी करणारं दुसरं आहे कोण?

१३ डिसेंबर, सोमवार, लूत्साचा दिवस

आज बशीत गहू पेरायचा असतो. नाताळपर्यंत दाट हिरवा उगवला तर येणारं वर्ष चांगलं. गेलेर्ट गेल्यापासून मी पेरला नव्हता. हायनाल्का ओंजळभर गहू रुमालात बांधून घेऊन आली. ओला कापूस पसरला, वर गहू घातला, दोघींनी मिळून. तिची बोटं डब्याच्या वाफेनं लाल झालेली.

"तुमच्या मागच्या नामदिनाला केक आणला होता, आठवतं? खाली जळलेला?" ती म्हणाली. आमच्याकडे प्रत्येक नावाचा वर्षात एक दिवस असतो, गेनोवेवाचा तीन जानेवारी.

"आठवतं. वरचा तेवढा खाल्ला होता मी."

"येत्या तीन जानेवारीला जळलेलं काही आणणार नाही." आणि हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी असं दोन बायकांसारखं हसलो आम्ही. खरं लिहायचं तर त्या क्षणी मला तिला सरळ विचारावंसं वाटलं, की बाई, तुझ्या मनात काय आहे? तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं, खोटंच सांगेल, आणि ते खोटं मला गोड लागेल. म्हणून विचारलं नाही.

आज जेवण बोद्रीला न देता गरम खाल्लं. कोबीची पानं होती, भात-खिमा भरलेली. काही झालं नाही.

१८ डिसेंबर, शनिवार

शिळा नाही.

मेणबत्ती लावायला गेले, तर गेलेर्टच्या डोक्याशी नुसती ओली माती आणि दोन खड्डे. मी आजूबाजूला बघत राहिले, जणू कुणी चुकून दुसऱ्याच्या थडग्यावर नेऊन ठेवली असेल. शेजारच्या थडग्याच्या कठड्यावर बसले. गेलेर्टला म्हटलं, तुला तरी सांगून नेली का रे? तो जिवंतपणीही उत्तर देत नसे.

१९ डिसेंबर, रविवार

ती डबा टेबलावर ठेवते न ठेवते तोच विचारलं, "शिळा कुठे आहे?"

तिचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्ही गेला होतात? एवढ्या बर्फात?"

"शिळा कुठे आहे?"

"वारसेगीकडे आहे, मावशी. जरा काम होतं."

"कसलं काम?"

"तीन तारखेपर्यंत थांबा ना. तीन तारखेनंतर मला एक शब्द विचारू नका, तुम्हालाच कळेल."

तीन तारखेनंतर मी विचारणारच नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मी डब्याचं झाकणही उघडलं नाही. ती गेल्यावर सगळं बोद्रीला घातलं आणि शेजाऱ्यांच्या फोनवरून वन्संना बोलावलं.

२२ डिसेंबर, बुधवार

करार मोडला. वकीलबाईंकडे सकाळी दहाला. मी, वन्सं, कोर्नेल, आणि हायनाल्का शाळेच्या एप्रनवर कोट घालून. कोर्नेल चांगला उंच झालाय. दार उघडून धरलं त्यानं, माझ्यासाठी.

वकीलबाईंनी कारण विचारलं. मी घरून पाठ करून आणलं होतं. म्हटलं, "ही बाई माझ्या मरणावर डोळा ठेवून बसलीय. खसखस चारते. शिळा उचलून नेली. वर्ष संपायच्या आत मला मातीत घालायचा बेत आहे."

मला वाटलं आता ती रडेल, भांडेल, शपथा घेईल. त्याची तयारी मी केली होती. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. तोंड उघडलं होतं काहीतरी सांगायला. मग मिटलं. म्हणाली, "कुठे करायची सही?"

केली. दोन वर्षांबद्दल काही मागायचंय का, वकीलबाईंनी विचारलं. "नाही," म्हणाली. निघताना दाराशी थांबली. "बोद्रीला कमी घाला, मावशी. त्याचं हृदय बंद पडेल."

म्हणजे तिला कळलं होतं. कधीपासून, कोण जाणे.

लगेच त्याच टेबलावर कोर्नेलचा करार झाला, शब्द न् शब्द तोच, नाव तेवढं वेगळं. वकीलबाईंनी मला दोनदा विचारलं, "नक्की ना?" वन्संनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. शिळेचं काय, असं मी त्यांना जिन्यात विचारलं. म्हणाल्या, "बघू. कोर्नेल बघेल."

२४ डिसेंबर, शुक्रवार

वन्संच्या घरी माणसं फार, म्हणून मला बोलावता आलं नाही. कोर्नेलनं खसखस भरलेल्या गोड पावाच्या गुंडाळीचे दोन तुकडे कागदात आणून दिले आणि गाडी चालू ठेवूनच फाटकातून गेला. माझं मीच बटाट्याचं सूप केलं.

लूत्साचा गहू असा दाट आलाय की बशी दिसत नाही. एवढा दाट मी पूर्वी कधी पाहिला नाही. त्याला लाल रिबीन बांधली आणि खिडकीत ठेवला. बघायला कुणी नव्हतं.

बारा वाजता बोद्री फाटकाशी जाऊन बसतो. तीन दिवस झाले. हाक मारली तरी येत नाही.

१ जानेवारी २०००, शनिवार

जिवंत आहे.

काल नऊलाच झोपले. मेलेच तर झोपेत, असं ठरवलं होतं. सकाळी डोळे उघडले, छत तेच होतं. दिवा लावून पाहिला, लागला. यंत्रंही मेली नाहीत. आम्ही दोघंही सुटलो.

आजच्या दिवशी मसूर खायचा असतो, भरभराट व्हावी म्हणून, आणि कोंबडी अजिबात नाही, कारण कोंबडी मागे उकरते आणि घरातलं भाग्य बाहेर टाकते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दुपारी तीनला कोर्नेल आला. नऊ दिवसांतलं हे पहिलं जेवण. भाजलेली कोंबडी. एक तंगडी आणि पाठ.

"आज कोंबडी, कोर्नेल?"

"अहो काकू, काल उरली होती."

मग त्यानं खिशातून मोजपट्टी काढली. "तुम्ही खा निवांत, मी जरा मागची भिंत बघतो." माझ्या झोपायच्या खोलीची भिंत मोजली. ती पाडली तर किती मोठी जागा होईल ते एका कागदावर लिहून घेतलं. मी विचारलं, "आणि मी कुठे झोपणार?" तो गोंधळला. खरंच गोंधळला. तो प्रश्न त्याच्या डोक्यातच आला नव्हता. "तेव्हा म्हणजे, नंतर म्हणतोय मी," असं काहीतरी म्हणाला.

कोंबडी बोद्रीला दिली. तीही न खाता तो फाटकाकडे गेला.

३ जानेवारी, सोमवार

हे सगळं आजच लिहून काढायला हवं, उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

आज माझा नामदिन. सकाळपासून कुणी आलं नाही. अकराच्या सुमाराला काठी घेतली आणि दफनभूमीत गेले. म्हटलं, गेलेर्टला सांगून येऊ की मला उशीर होणार आहे. लांबूनच दिसलं. शिळा जागेवर होती. वारसेगी गुडघ्यांवर बसून खालची फट सिमेंटनं भरत होता.

वर गेलेर्टचं नाव आणि त्याची सालं, होती तशी. खालचा सगळा भाग घासून नवा काढलेला, आरशासारखा गुळगुळीत. 'आणि त्यांची पत्नी' नव्हतं. एकोणीसही नव्हतं. तिथं लिहिलं होतं :

सेकेरेश गेनोवेवा
१९२३–

आणि रेघेपुढे काही नाही. नुसता दगड.

वारसेगी उठला, टोपी काढली. "नामदिनाच्या शुभेच्छा, बाई. आजच बसवायची असा हुकूम होता. फटीचं तेवढं राहिलंय."

"कुणाचा हुकूम?"

"हायनाल्काचा. दुसऱ्या कुणाचा? मी तिला सांगितलं होतं, खाच खोल आहे, सबंध खालची बाजू बोटभर घासावी लागेल, मला एकट्याला जमणार नाही. तर झोल्ट महिनाभर रोज संध्याकाळी यायचा. मशीन दोनदा जळलं. नाताळच्या आधी म्हणाला, करार मोडला. मी म्हटलं, मग राहू दे आता. तर हायनाल्काच म्हणाली, अर्ध्यावर सोडलेल्या शिळेखाली माणसानं झोपू नये." मग माझ्याकडे नीट बघून त्यानं विचारलं, "का बाई, नाव चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे."

मी त्या नावावरून बोट फिरवलं. तिनं एकोणीसवरून फिरवलं होतं, तसंच. खूप रडले. वारसेगी बिचारा सिमेंटचं घमेलं घेऊन लांब जाऊन उभा राहिला.

घरी आले. तिचा डबा अजून माझ्याकडेच होता, शेवटचा, खरकटा. गरम पाण्यानं धुतला, तिन्ही मजले, झाकणाच्या खाचेतसुद्धा. पुसला. आणि तिच्या सासूच्या घरी गेले.

दार तिनंच उघडलं. आत या म्हणाली नाही. आतमध्ये एक पलंग, एक खाट, मध्ये दोरीवर कपडे, एवढं दिसलं मला. दोन वर्षांत मी हे घर आतून पाहिलं नव्हतं.

"तुझा डबा," मी म्हटलं.

तिनं हातात घेतला, झाकण उघडून पाहिलं. "धुतलात?"

"हो."

"दोन वर्षांत पहिल्यांदा."

मी म्हटलं, "वकीलबाईंसमोर का नाही सांगितलंस? एक शब्द बोलली असतीस तर..."

"सांगणारच होते. पण तुमचं ऐकल्यावर काही सांगावंसं वाटलं नाही. खसखस चारते म्हणालात, मावशी. मी शाळेत दोनशे पोरांना वाढते. त्या खोलीत बसून ते ऐकलं मी."

"तुला घर हवं होतं ना पण? खरं सांग."

"हवं होतं. अजून हवंय. तीन माणसं या खोलीत झोपतो आम्ही, घर कुणाला नको असतं? रोज तुमच्या घरात शिरताना मी पडद्याचा रंग ठरवायचे. पण मला घर हवं होतं, तुम्ही मेलेल्या नको होतात. तुम्ही दोन्ही गोष्टी एकच धरल्यात."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. म्हटलं, "परत ये. आपण उद्याच जाऊ वकीलबाईंकडे."

"कोर्नेलची सही झालीय. तो बरा सोडेल." आणि मग जरा मऊ आवाजात, "आणि मी दुसरीकडे धरलंय. स्टेशनच्या रस्त्यावर शालानकीकाका आहेत, दोन्ही पाय गेलेत त्यांचे. गेल्या गुरुवारीच सह्या केल्या. शाळा सांभाळून दोन डबे नाही झेपत मला, मावशी."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी वळले तेव्हा ती म्हणाली, "नामदिनाच्या शुभेच्छा." आणि दार लावलं. आपटलं नाही. नेहमी लावतात तसं लावलं.

५ जानेवारी, बुधवार

वन्सं येऊन गेल्या. नवी शिळा बघून आल्या होत्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "माझ्या भावाची बायको असं कुठे लिहिलेलंच नाही. लोक विचारतील, ही कोण बाई त्याच्या शेजारी? आणि साल घालायला एवढी मोठी जागा सोडलीय, किती वर्षं राहायचा विचार आहे तुझा?"

मी म्हटलं, "ठरवलं नाही अजून."

त्या हसल्या. मी हसले नाही. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, चहा न घेताच उठल्या. मला आता त्यांचं सगळं आठवतं, एकेक वाक्य, कुठल्या खुर्चीत बसून बोलल्या तेही. पण सही माझी आहे. त्यांनी हात पाठीवर ठेवला होता, हातावर नाही.

गव्हाची पाती पिवळी पडायला लागलीत. कोर्नेल शनिवारी येणार आहे, भिंतीचा माणूस घेऊन.

बोद्री आजही फाटकाशी गेला. मी हाक मारली नाही. शाल घेतली, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि स्टेशनच्या रस्त्याकडे बघत बसले. बुटांचा आवाज आला. ओळखीचा, आपटत जाणारा. आमच्या वळणापर्यंत आला आणि तिथून सरळ पुढे गेला. बोद्रीनं शेपूट हलवली, मग थांबवली.

१२.१०. हायनाल्का. आली नाही.